रॉबर्ट पेन, तारामासा आणि कीस्टोन प्रजाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि किनाऱ्यावर निसर्गशिबिरे घेणारे कार्यकर्ते अमेरिकन सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. रॉबर्ट पेन कोण होते? त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगाल का?

रॉबर्ट ट्रीट पेन यांचा जन्म १९३३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे झाला. १९५४ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून पदवी घेतली आणि पुढे मिशिगन विद्यापीठातून १९६१ मध्ये पीएच.डी. मिळवली. तेथे ते जीवाश्मांच्या ओढीने गेले होते, परंतु फ्रेडरिक स्मिथ या परिसंस्थाशास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांचे लक्ष मेलेल्या कवचांकडून जिवंत प्राण्यांकडे वळले. प्रबंधाचा विषय मात्र दोन्ही जगांना जोडणारा होता: जीवाश्मांत विपुल आढळणाऱ्या ब्रॅकिओपॉड या दोन झडपांचे कवच असलेल्या सागरी प्राण्यांच्या गटातील, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आजही जगणारी एक जाती. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेत काही काळ काम केल्यावर १९६२ मध्ये ते सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाले आणि १९९८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. अमेरिकेच्या परिसंस्थाशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, १९८६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेले आणि २०१३ मध्ये त्यांना जपानचे आंतरराष्ट्रीय कॉसमॉस पारितोषिक मिळाले. २०१६ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. पदे आणि पारितोषिके यांपेक्षा त्यांच्या कामाची पद्धत समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे, म्हणून पुढील उत्तरांचा भर तिच्यावर आहे.

२. तो प्रसिद्ध तारामाशाचा प्रयोग नेमका काय होता?

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, माका या आदिवासी राष्ट्राच्या भूमीत, मक्का बे नावाचा खडकाळ किनारा आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तेथील खडकांवर मसल (कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्याच कुळातले), बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचधारी प्राणी), लिम्पेट व कायटन (खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारे कवचधारी प्राणी), समुद्री फुले, स्पंज आणि शेवाळे एकमेकांना खेटून राहतात. त्यांच्यापैकी अनेकांना खाणारा, पिवळसर-नारिंगी ते जांभळ्या रंगाचा मोठा तारामासा म्हणजे पिसास्टर ऑक्रेशियस.

जून १९६३ मध्ये पेन यांनी सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंचीचा एक पट्टा निवडला, त्यावरचे सगळे तारामासे उपटून खोल पाण्यात भिरकावले आणि शेजारचा पट्टा तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवला. हे काम एकदाच करून भागत नाही, कारण आजूबाजूचे तारामासे रिकाम्या जागेत पुन्हा चढतात. त्यामुळे ओहोटीची वेळ साधून ते पुन्हा पुन्हा तेथे जात आणि नव्याने आलेले तारामासे काढून टाकत.

प्रारंभी बार्नॅकलांची एक जाती फोफावली आणि सप्टेंबरपर्यंत तिने उपलब्ध जागेपैकी ६० ते ८० टक्के जागा व्यापली. पुढच्या जूनपर्यंत झपाट्याने वाढणारे छोटे मसल आणि देठाचे बार्नॅकल हे त्या पहिल्या बार्नॅकलांनाच रेटून बाहेर काढू लागले होते. शेवाळांना मूळ धरायला खडक उरला नाही, आणि कायटन व लिम्पेट जागेअभावी किंवा अन्नाअभावी दिसेनासे झाले. पंधरा जातींची रचना आठ जातींवर आली. शेजारच्या, तारामासे असलेल्या पट्ट्यात असा कोणताही बदल झाला नाही. हा सगळा तपशील १९६६ मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

३. शिकारी काढला तर भक्ष्य वाढायला हवे. मग जाती कमी कशा झाल्या?

भक्ष्य वाढलेच, पण एकच भक्ष्य वाढले. या प्रश्नाचे मर्म जागेत आहे. जमिनीवरच्या प्राण्यांची स्पर्धा बहुधा अन्नासाठी असते असे आपण गृहीत धरतो. खडकाळ किनाऱ्यावर बार्नॅकल किंवा मसल यांच्यापर्यंत अन्न पाण्यासोबत आपोआप येते, आणि टंचाई असते ती चिकटून बसायला लागणाऱ्या खडकाची. या शर्यतीत मसल सर्वांत बलवान ठरतात. ते चिवट धाग्यांनी स्वतःला खडकाशी बांधतात, एकमेकांवर थर रचतात आणि खाली सापडलेल्यांना गुदमरवतात. तारामासा बाहू ताणून शिंपला किंचित उघडतो, त्या फटीतून स्वतःचे जठर आत सारतो आणि मसलचा मांसल भाग पचवतो. तो अनेक प्रकारचे भक्ष्य खात असला तरी बलवान मसलला तो आवरतो, म्हणून दुर्बळांना खडकावर मोकळी जागा सतत मिळत राहते.

यावरून मसलच्या पट्ट्याची खालची कड इतकी सरळ का दिसते तेही उमगते. वरची कड उन्हाने आणि कोरडेपणाने ठरते. खालची कड मात्र तारामासा भरतीच्या पाण्यासोबत किती उंचीपर्यंत चढून खाऊ शकतो यावर ठरते. एखादा मसल दोन-चार वर्षे वाचून पुरेसा मोठा झाला तर तारामाशाला तो उघडता येत नाही, हेही पेन यांनी पुढे दाखवले. म्हणजे शिकारी परतला तरी किनारा लगेच पूर्ववत होईल याची हमी नसते.

४. ‘कीस्टोन प्रजाती’ ही संज्ञा १९६६ च्या लेखातली आहे ना?

नाही. परीक्षेच्या मार्गदर्शकांत हे वर्ष सर्रास चुकीचे छापलेले असते. प्रयोग १९६६ च्या लेखात आहे आणि संज्ञा १९६९ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या, जेमतेम तीन पानांच्या टिपणात आहे. कीस्टोन प्रजाती म्हणजे संख्येने थोडी असूनही जिला काढले की समुदायाची रचनाच बदलते अशी जाती (नेमकी कसोटी प्रश्न ९ मध्ये). दगडी कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड काढला की कमान ढासळते, त्यावरून हे नाव घेतले आहे.

५. त्यांच्याआधी कोणी असे प्रयोग केले नव्हते का?

केले होते, आणि पेन यांच्या कामाचे महत्त्व सांगताना हे वगळणे अन्यायाचे ठरेल. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नॅकलांच्या दोन जाती वेगळ्या करून आणि काही ठिकाणी जाळीचे पिंजरे बसवून स्पर्धेचा परिणाम सिद्ध केला होता. ते काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. वैचारिक बीज मात्र मिशिगनमधले आहे. १९६० मध्ये हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबोडकिन यांनी एक धाडसी युक्तिवाद मांडला होता: जग हिरवे दिसते, म्हणजे वनस्पती खाणारे प्राणी सगळे हिरवे संपवत नाहीत, आणि ते संपवत नाहीत कारण त्यांना शिकारी ताब्यात ठेवतात. यातले स्मिथ म्हणजे पेन यांचेच मार्गदर्शक. युक्तिवाद चटकदार होता, परंतु त्याला प्रयोगाचा आधार नव्हता. पेन यांनी शिकारी हाताने काढून टाकला आणि काय होते ते पाहत बसले. त्या काळी क्षेत्रीय परिसंस्थाशास्त्र बहुतांशी नोंदी आणि वर्णने यांवर चालत असे, त्यामुळे निसर्गाला मुद्दाम धक्का देऊन उत्तर मागण्याची ही रीत अनेकांना रुक्ष नव्हे तर काहीशी उद्धट वाटली असावी.

६. टाटूश बेटाचा उल्लेख सतत येतो. तेथे काय केले?

टाटूश हे केप फ्लॅटरी या टोकासमोरचे छोटे बेट माका राष्ट्राच्या मालकीचे आहे, आणि त्यांच्या परवानगीनेच पेन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे काम सुरू केले. मक्का बे येथे माणसांची ये-जा होती. टाटूशवर पोहोचणेच कठीण असल्याने वर्षानुवर्षे खूण केलेला खडक कोणी विस्कटत नसे. एका जागेला इतका दीर्घकाळ चिकटून राहणे हीच मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अनुकरणीय गोष्ट वाटते, कारण संशोधन-अनुदानांचे चक्र दोन-तीन वर्षांचे असते आणि मसलच्या एका पट्ट्याचे आयुष्य त्याहून मोठे असते.

तेथे तीन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. हिवाळी वादळांच्या लाटा मसलच्या थराला भोके पाडतात, ती भोके हळूहळू भरतात, आणि त्या भरण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळ्या जाती नांदतात. सायमन लेव्हिन या गणिती परिसंस्थाशास्त्रज्ञासोबत पेन यांनी १९७४ आणि १९८१ मध्ये या भोकांच्या जन्म-मरणाचे गणित मांडले. अशाच उघड्या जागांवर टिकून राहणाऱ्या ‘सी पाम’ या ताडाच्या रोपट्यासारख्या दिसणाऱ्या शेवाळावरही त्यांनी काम केले. दुसरी गोष्ट म्हणजे १९९२ चा ‘नेचर’मधला लेख. त्यात शेवाळ खाणाऱ्या सात जातींपैकी प्रत्येक प्राण्याचा दरडोई परिणाम प्रत्यक्ष मोजला होता, आणि निष्कर्ष असा की बहुतेक संबंध दुबळे असतात, मोजकेच बलवान. तिसरी गोष्ट अनपेक्षित होती. टिमोथी वूटन, कॅथरीन फिस्टर आणि जेम्स फॉरेस्टर यांनी तेथेच आठ वर्षे समुद्राच्या पाण्याची आम्लता नोंदवली आणि २००८ मध्ये दाखवले की तेथील पाणी प्रारूपांच्या अपेक्षेपेक्षा वेगाने आम्ल होत आहे.

७. समुद्री पाणमांजर आणि ‘ट्रॉफिक कॅस्केड’ यांचा पेन यांच्याशी काय संबंध?

१९७१ मध्ये अलास्काच्या अल्यूशियन द्वीपमालेतील अम्चिटका बेटावर जेम्स एस्टिस नावाचा तरुण संशोधक पाणमांजरांवर काम करत होता. केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची जंगले पाणमांजरांना कशी पोसतात याचा अभ्यास करावा असे त्याच्या मनात होते. तेथे आलेल्या पेन यांनी प्रश्न उलटा करून पाहायला सुचवले: पाणमांजरे केल्पचे काय करतात? एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी मग पाणमांजरे असलेल्या आणि नसलेल्या बेटांची तुलना केली. जेथे पाणमांजरे होती तेथे समुद्री अर्चिन (केल्प खाणारे काटेरी गोल प्राणी) मोजके आणि केल्प दाट, जेथे ती नव्हती तेथे अर्चिनांनी समुद्रतळ बोडका केलेला. १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला हा लेख पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

शिकाऱ्याचा परिणाम अन्नसाखळीच्या पायऱ्या उतरत खाली पोहोचतो, या घटनेला ‘ट्रॉफिक कॅस्केड’ हे नाव पेन यांनी १९८० मध्ये ब्रिटिश परिसंस्थाशास्त्र संस्थेसमोरच्या टान्सली व्याख्यानात दिले. त्याच व्याख्यानातला दुसरा मुद्दा कमी लोकांना ठाऊक आहे, पण तो अधिक खोल आहे. एकाच किनाऱ्याचे अन्नजाळे तीन प्रकारे काढता येते: कोण कोणाला खातो, कोणाकडून कोणाकडे किती ऊर्जा जाते, आणि कोणाला काढल्यास काय बदलते. हे तिन्ही नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. भरपूर ऊर्जा वाहून नेणारा दुवा काढून टाकला तरी काही बिघडत नाही असे होऊ शकते, आणि नगण्य वाटणारा दुवा सगळे उलटवू शकतो. म्हणून केवळ प्राण्यांच्या पोटातले अन्न तपासून कोण महत्त्वाचा ते ठरवता येत नाही.

८. त्यांचा विद्वत्‌प्रभाव एवढा मोठा का मानतात? फक्त एका संज्ञेमुळे?

संज्ञेमुळे नाव झाले, परंतु प्रभाव विद्यार्थ्यांमुळे पसरला. पॉल डेटन, ब्रूस मेंज, थॉमस सुखानेक हे त्यांच्याकडे शिकलेले. जेन लुबचेन्को यांनी एम.एस. वॉशिंग्टन विद्यापीठात आणि पीएच.डी. हार्वर्डमध्ये केली, न्यू इंग्लंडच्या खडकांवर गोगलगाय शेवाळांची विविधता कशी ठरवते हे १९७८ मध्ये दाखवले आणि २००९ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाच्या त्या प्रमुख होत्या. पेन यांचे चिलीतील सहकारी हुआन कार्लोस कास्टिया यांनी किनाऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून मासेमारीपासून राखला आणि माणूस हाच तेथे शिकाऱ्याचे काम करत होता हे सिद्ध केले.

पेन विद्यार्थ्यांना विषय वाटून देत नसत, प्रश्न स्वतः शोधायला लावत असत, आणि डेटन यांचा १९७१ चा गाजलेला प्रदीर्घ लेख एकट्या डेटन यांच्या नावावर आहे. आपल्याकडे मार्गदर्शकाचे नाव लेखावर असणे हा जणू शिरस्ताच असल्याने ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. परिणाम असा झाला की शिष्यांनी गुरूचे निष्कर्ष उचलले नाहीत, पद्धत उचलली, आणि प्रसंगी त्याच पद्धतीने गुरूलाच मर्यादा दाखवल्या (पाहा प्रश्न ११ आणि १२).

९. मग वाघ कीस्टोन आहे का? आणि वड-उंबर? खारफुटी?

१९९६ मध्ये पेन यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी मिळून सांगितलेली कसोटी अशी: जातीचा समुदायावरचा परिणाम मोठा हवा, आणि तिच्या संख्येच्या किंवा वजनाच्या मानाने तो प्रमाणाबाहेर मोठा हवा. दुसरी अट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. खारफुटीचा परिणाम प्रचंड असतो, पण खाडीत सगळीकडे तीच असते, म्हणून ती कीस्टोन ठरत नाही. जी जाती स्वतःच्या विपुलतेने इतरांसाठी घर उभे करते, तिच्यासाठी ‘पायाभूत प्रजाती’ ही वेगळी संज्ञा १९७२ मध्ये डेटन यांनी दिली. गंमत अशी की तारामाशाचे भक्ष्य असलेला मसल स्वतः पायाभूत प्रजातीच आहे (पाहा प्रश्न १२).

वड, उंबर, पिंपळ यांच्या कुळाला कीस्टोन म्हणण्याची पद्धत जॉन टेरबर्ग यांच्या पेरूच्या जंगलातील कामापासून रूढ झाली, कारण इतर फळे नसतात त्या दिवसांतही ही झाडे फळतात आणि थोडी झाडे पुष्कळ प्राण्यांना तगवतात. सह्याद्रीत उंबरावर धनेश आणि हरियाल पाहिलेल्यांना हे पटवावे लागत नाही. वाघाला मात्र ‘शिखरस्थ शिकारी’ म्हणणे निश्चितपणे बरोबर आहे, ‘छत्र प्रजाती’ (जिचा अधिवास राखला की इतर अनेक जातीही राखल्या जातात) म्हणणेही चालते, पण ‘कीस्टोन’ म्हणण्यासाठी वाघ असताना आणि नसताना त्या जंगलात काय बदलते याचा पुरावा मागावा लागतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून लांडगे परत सोडल्यावर झालेल्या बदलांचे श्रेय नेमके किती लांडग्यांना द्यायचे, यावरही संशोधकांत अद्याप वाद आहेत.

१०. आठ मीटरच्या एकाच पट्ट्यावरून एवढा मोठा निष्कर्ष? हे विज्ञानाच्या नियमांत बसते का?

आजच्या निकषांनी १९६६ चा लेख परीक्षकांच्या हातून सुटला नसता. एक पट्टा काढलेला, एक तुलनेचा, पुनरावृत्ती नाही. हा आक्षेप योग्य आहे आणि टाळण्याजोगा नाही. मात्र त्याचे उत्तर पुढच्या कामात आहे. पेन यांनी टाटूशवर आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर, तेथील वेगळ्या जातीच्या तारामाशाला काढून, तशीच मसलची आगेकूच पाहिली, आणि चिलीतही सहकाऱ्यांसोबत असेच काम झाले. म्हणून ‘एक प्रयोग’ असे म्हणण्यापेक्षा एका प्रश्नावर तीन किनाऱ्यांवर चाललेले काम असे म्हणणे अचूक होईल.

११. पिसास्टर प्रत्येक ठिकाणी कीस्टोन असतो का?

नाही. ब्रूस मेंज आणि सहकाऱ्यांनी ऑरेगनच्या किनाऱ्यावर हेच तपासले आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. लाटांचा मारा असलेल्या खडकांवर तारामाशाचा परिणाम जोरकस होता, आडोशाच्या जागी तो दुबळा होता, आणि जेथे वाळू येऊन खडक गाडला जात असे तेथे शिकाऱ्यापेक्षा वाळूच निर्णायक ठरत होती. म्हणजे कीस्टोन असणे हा जातीचा कायमचा गुण नसून त्या जागेतील तिची भूमिका आहे. मिल्स, सुले आणि डोक यांनी १९९३ मध्ये याच सैल वापराबद्दल इशारा दिला होता, की संवर्धनाची धोरणे या शब्दावर उभारू नयेत. त्यानंतरच प्रश्न ९ मधली कसोटी तयार झाली, आणि ती ठरवणाऱ्यांत टीकाकारही होते व पेनही होते, हे विशेष.

१२. मसलच्या थरात शेकडो जाती राहतात असे वाचले. मग पेन चुकले का?

हा मला येणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत चांगला प्रश्न आहे. पेन यांचे विद्यार्थी सुखानेक यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरील मसलचे थर उकलून त्यांच्या फटींत ३०० हून अधिक प्रकारचे जीव नोंदवले. केव्हिन लॅफर्टी आणि सुखानेक यांनी २०१६ मध्ये मूळ प्रयोगाचा पुनर्विचार करताना दाखवले की हे छोटे जीव मोजले, तर तारामासा काढल्याने जाती घटतात हे विधान उलटू शकते.

चूक-बरोबर असा निवाडा मात्र येथे लागू पडत नाही. पेन यांनी खडकाच्या पृष्ठभागासाठी झगडणारे, डोळ्यांना सहज दिसणारे जीव मोजले होते, आणि त्यांच्याबाबत निष्कर्ष टिकतो. मसलच्या फटींतले कृमी, खेकडे आणि शिंपले ही वेगळी यादी आहे. धडा असा की ‘विविधता घटली’ हे वाक्य कोणाची आणि कोणत्या मापाने हे सांगितल्याशिवाय अपुरे असते.

१३. तारामाशांवर रोग पडला तेव्हा पेन यांचे भाकीत खरे ठरले का?

२०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तारामाशांचे बाहू गळून पडणाऱ्या रोगाची साथ पसरली आणि पिसास्टरसह अनेक जाती मोठ्या प्रमाणावर मेल्या. पेन यांनी हाताने केलेला प्रयोग निसर्गाने शेकडो किलोमीटरवर केला, असे म्हणता येईल. मसलची खाली सरकण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी दिसली, सर्वत्र एकसारखी दिसली नाही, आणि प्रश्न ११ वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही. रोगाच्या कारणाविषयी आधी एका विषाणूवर संशय होता. २०२५ मध्ये सूर्यफुली तारामाशावरील प्रयोगांतून व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जिवाणूकडे बोट दाखवले गेले. त्या जातीसाठीचा पुरावा भक्कम आहे, इतर जातींना तो तसाच लावण्याची घाई करू नये.

१४. कोकणच्या किनाऱ्यावर असा प्रयोग करता येईल का? आपल्याकडची कीस्टोन प्रजाती कोणती?

पिसास्टर आपल्याकडे नाही. तो अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या थंड पाण्यातला प्राणी आहे. त्यामुळे रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या खडकावर दिसलेला कोणताही तारामासा कीस्टोन असल्याचे शिबिरात सांगू नये. आपल्या किनाऱ्याची घडण वेगळी आहे. पावसाळ्याचे चार महिने लाटा खडकांना झोडपतात आणि गोडे पाणी वरून कोसळते, उन्हाळ्यात ओहोटीला खडक तापतात, मुंबईकडून गोव्याकडे जाताना भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, आणि कालवे व शिनाणे काढणारी माणसे हा येथला फार जुना शिकारी आहे. चिलीतील अनुभव पाहता (प्रश्न ८) पहिला प्रश्न या माणसांविषयीच विचारावा असे मला वाटते: जेथे कालवे काढली जातात आणि जेथे नाहीत, अशा दोन खडकांवर काय फरक दिसतो?

त्यासाठी काहीही उपटावे लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खोल जाते, तेव्हा खडकावर कायमची खूण करून, ठरलेल्या मापाची चौकट ठेवून, दर महिन्याला त्याच कोनातून छायाचित्र घेतले तरी पुरते. प्राणी काढून टाकण्याचा प्रयोग करायचा असेल तर तो संस्थेमार्फत आणि परवानगी घेऊनच करावा. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ व समुद्री काकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. छायाचित्रांची नोंदवही मात्र पावसाळ्याआधी सुरू करावी, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये काय पुसले गेले ते ऑक्टोबरच्या पहिल्या उधाणाला ताडून पाहता येते.